संवादी

'संवाद' म्हणजे सम् आणि वद्, जुळवून बोलणे. रोजच्या वापरात त्याचा अर्थ नुसती बातचीत एवढाच उरला. गाण्यात मात्र मूळ अर्थ शाबूत आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांची नाती चार: वादी, संवादी, अनुवादी, विवादी. चारही शब्दांत 'वद्' धातू आहे. स्वर बोलतात, हे गृहीतच! त्यांतला संवादी म्हणजे शेजारचा स्वर नव्हे. दोन स्वरांत 9 किंवा 13 श्रुतींचे, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांचे, अंतर हवे, जसे षड्जापासून मध्यम किंवा पंचम. उलट ऋषभ आणि गांधार अवघ्या 2 श्रुतींवर, आणि ते विवादी. मला हे फार मोलाचे वाटते. प्रेमात माणसे एकमेकांना इतकी चिकटतात, की दुसऱ्याचा आवाज निराळा ऐकूच येत नाही. सूर जुळायला मध्ये मोकळी जागा लागते.

रागांतही वादी-संवादीचे नाते असते. भूप आणि देशकार या रागांचे पाचही स्वर तेच. भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, धैवत संवादी. देशकारात नेमके उलट. तेवढ्याने एक संध्याकाळ होतो, दुसरा सकाळ.

आणि विवादीलाही, म्हणजे रागात न बसणाऱ्या स्वरालाही, हद्दपारी नाही. केदार रागात कोमल निषाद वर्ज्य मानलेला, तरी जाणकार गवई अवरोहात त्याचा निसटता स्पर्श देतात, आणि राग खुलतो.