दि. बा. आपले कोण? एका आमदाराच्या निवडणूक नोंदीचा हिशेब



मागच्या महिन्यात द्रोणागिरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात विषय होता स्वतंत्र मजूर पक्ष. बोलता बोलता गाडी विमानतळाच्या नावावर आली आणि बारावीतल्या एका मुलाने थेट विचारले, "दादा, दि. बा. पाटलांचे नाव द्या म्हणून मोर्चे निघाले, आपली पोरेही गेली. पण दि. बा. आपले कोण? ते तर आगरी समाजाचे नेते." काही जण हसले, बाकीचे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. घरी येऊन नोंदी पुन्हा वाचायला घेतल्या. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणून हा लेख.

आधी नोंद पाहू. दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातल्या जासई गावात, शेतकरी घरात झाला. शिक्षण वकिलीचे, पक्ष शेतकरी कामगार पक्ष. पनवेल मतदारसंघातून ते १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० असे पाच वेळा विधानसभेवर निवडून आले. १९७७ आणि १९८४ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले. १९७२ पासून १९७७ पर्यंत आणि पुढे पुन्हा काही काळ विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. नव्वदच्या दशकात विधान परिषदेत होते. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

फलकांवर हीच यादी छापली जाते. पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार. पण नुसत्या आकड्यातून काय कळते? पाच वेळा निवडून येऊन सभागृहात एकदाही तोंड न उघडणारे आमदार महाराष्ट्राने पाहिले आहेत. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की प्रत्येक वेळी मतपेटीत कोणाची मते होती, आणि त्या मतांचे पुढे काय झाले?

१९५७ ची मतपेटी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट आणि प्रजा समाजवादी होते, तसा आपला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होता. दि. बा. पहिल्यांदा आमदार झाले ते याच निवडणुकीत. म्हणजे उरण-पनवेलच्या ज्या वस्त्यांमध्ये नुकताच आपला बाप गेला होता, त्या वस्त्यांचा पक्ष दि. बां.च्या पक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. ही मैत्री केवळ जागावाटपापुरती होती असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आणखी वीस वर्षे मागे जावे.

कुलाबा जिल्हा म्हणजे महाडचा जिल्हा. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. पण त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीचा संप झाला, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. पुढारी होते नारायण नागू पाटील. करवंदे, लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः चरीच्या शेतकऱ्यांमध्ये आले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, तो एका जातीचा पक्ष म्हणून नव्हे. १९३७ मध्ये कुलाब्यातून या पक्षाच्या तिकिटावर सुरबानाना टिपणीस निवडून आले, आणि टिपणीस अस्पृश्य समाजातले नव्हते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी होते, आगरी होते, महार होते. खोताच्या दारात तिघांचीही पाठ सारखीच वाकत होती. बहुमत काँग्रेसचे होते, विधेयक पास झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ मध्ये. तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात नव्हते, तिथे सत्तेवर दुसरेच लोक होते. विधेयक फेटाळले गेले तरी प्रश्न मेला नव्हता. बारा वर्षांनी तोच प्रश्न सरकारला कायदा करून सोडवावा लागला.

हे लक्षात ठेवा. पुढे द्रोणागिरीत असेच घडणार आहे.

खोत गेला, सिडको आली

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे करायचे ठरले. ज्या कुळांच्या नावावर कूळकायद्यानंतर कुठे सातबारा लागला होता, त्यांच्या हातात आता भूसंपादनाची नोटीस पडली. भातशेती, खार जमीन, मिठागरे, खाडी, सगळे नकाशावर आले. त्या नकाशात गावठाणे म्हणजे शहराच्या मधोमध उरलेली बेटे. द्रोणागिरी हे नाव आपल्या डोंगराचे आणि किल्ल्याचे. पुढे ते सेक्टरच्या पाट्यांवर गेले आणि २०२४ पासून रेल्वे स्टेशनवरही आले.

दि. बा. या काळात कुठे होते? १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या होत्या. एवढ्या बहुमतासमोर विरोधी पक्षनेता म्हणून ते बसत होते. सरकार पडण्याची शक्यता नाही, ठराव जिंकण्याची शक्यता नाही. अशा वेळी आमदाराच्या हातात दोनच गोष्टी उरतात: सभागृहात प्रश्न नोंदवत राहणे आणि गावात संघटना बांधत राहणे. त्यांनी दोन्ही केले. गावोगावच्या शेतकऱ्यांना त्यांनी एका मागणीवर आणले. जमिनीला योग्य भाव हवाच, पण जे शहर आमच्या जमिनीवर उभे राहणार त्यात आमचा वाटाही हवा. भरपाई खर्च होते, वाटा टिकतो, हा साधा शेतकरी हिशेब त्यामागे होता.

जानेवारी १९८४. दि. बा. तेव्हा पनवेलचे आमदार होते आणि मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. जमिनी ताब्यात घेण्यासाठी उरण तालुक्यात मोठा पोलीस फौजफाटा उतरवण्यात आला. गावेच्या गावे रस्त्यावर आली. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, दोघे पडले. १७ जानेवारीला नवघर-पागोटे भागात गोळीबार झाला, तिघे पडले. नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील, कमळाकर कृष्णा तांडेल. पाच नावे. द्रोणागिरीत फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाने ही नावे एकदा तरी मोठ्याने वाचावीत, असे मला वाटते.

लाटेच्या विरुद्ध गेलेला मतदारसंघ

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींची हत्या झाली होती, देशभर सहानुभूतीची लाट होती. काँग्रेसने ४०० चा आकडा ओलांडला. भल्याभल्यांची अनामत गेली. त्या लाटेत कुलाब्याने दि. बा. पाटलांना दिल्लीला पाठवले.

राज्यशास्त्राची पुस्तके लाटेबद्दल बरेच सांगतात. लाट कुठे अडते हे फारसे सांगत नाहीत. ज्या गावांनी अकरा महिन्यांपूर्वी आपल्या पोरांची प्रेते उचलली होती, त्या गावांना दिल्लीतल्या दुःखाची कदर नव्हती असे नाही. पण मत देताना त्यांच्या डोळ्यांसमोर दास्तान फाटा होता. त्यांनी फाट्यावरच्या माणसाला मत दिले. दि. बां.च्या सगळ्या विजयांत मला हा विजय सर्वांत मोठा वाटतो.

आणि यानंतरची गोष्ट आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावी. १९८९ मध्ये कुलाब्यातून बॅ. अंतुले निवडून आले. ६ मार्च १९९० रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, साडेबारा टक्क्यांचा शासन निर्णय निघाला. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. सार्वजनिक सुविधांसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हातात येतात ते पावणेनऊ टक्के, तरीही 'शहरात मूळ मालकाचा वाटा' हे तत्त्व सरकारला लेखी मान्य करावे लागले. आणि ज्या दिवशी हा निर्णय निघाला, त्या दिवशी दि. बा. ना आमदार होते, ना खासदार.

खोती विधेयकाची आठवण झाली ना? १९३७ मध्ये मांडणारा एक, १९४९ मध्ये सही करणारा दुसरा. १९८४ मध्ये गोळ्या झेलणारे एक, १९९० मध्ये निर्णय काढणारे दुसरे. म्हणून 'आपला आमदार नाही, आपण काय करणार' हे रडगाणे बंद करा. आणि 'आपला आमदार झाला की सगळे होईल' हा भ्रमही सोडा. फाट्यावर माणसे उभी राहिली नसती तर दि. बां.च्या सभागृहातल्या भाषणांचे कागदच उरले असते. आणि सभागृहात वर्षानुवर्षे बोलणारा माणूस नसता, तर फाट्यावरच्या माणसांची मागणी दंगल म्हणून नोंदली गेली असती.

आता अवघड प्रश्न

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख गौरवाचा झाला असता. पण मी या भागात सामाजिक काम करतो, आणि माझ्यासमोर रोज दुसरी बाजू येते.

साडेबारा टक्क्यांचे मूळ माप आहे गेलेली जमीन. ज्याची जास्त गेली त्याला जास्त, ज्याची कमी गेली त्याला कमी. मग ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे काय? भात लावणीला दुसऱ्याच्या शेतात जाणारी बाई, मिठागरात फावडे मारणारा मजूर, खाडीत जाळे टाकणारा कोळी, डोंगराकडेचा कातकरी. जमीन विकली गेली तेव्हा मालकाची मालमत्ता गेली, पण यांचे काम गेले. आणि गेलेल्या कामाचा सातबारा नसतो.

आपल्या समाजाचा सातबारा कोरा का, हेही इतिहासच सांगतो. महार वतनाची जमीन म्हणजे गावकीच्या गुलामीचा मोबदला. ती बेडी तोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधिमंडळात विधेयक आणले होते. वतने कायद्याने गेली ती १९५८ नंतर. तोपर्यंत जमिनीच्या मालकीची शर्यत कधीच सुरू झाली होती आणि आपण रेषेच्याही मागे होतो. म्हणून 'जमिनीच्या प्रमाणात न्याय' हे ऐकायला सरळ वाटणारे सूत्र जातीच्या उताराला धरूनच वाहते. वर पाणी, खाली ओल.

हा दोष दि. बां.चा का? मी तसे म्हणणार नाही. ते जमीन गेलेल्यांचे नेते होते आणि त्यांच्याशी प्रामाणिक राहिले. भूमिहीनांचा प्रश्न मांडणे हे आधी आपले काम होते. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात नेले, तेव्हा आपल्याकडे ती ताकद होती. पण नवी मुंबईची मोजणी सुरू झाली तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे गट आपसातले हिशेब मिटवत बसले होते. दास्तान फाट्यावर जे एका झेंड्याखाली उभे राहिले त्यांना वाटा मिळाला. आपण चार झेंडे घेऊन उभे होतो.

दि. बां.ची नोंदही शेवटी सरळ रेषेत राहिली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकरी कामगार पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला. लोकसभेत ते पुन्हा गेले नाहीत. ज्यांना निर्दोष देव हवे आहेत त्यांनी हे पान गाळावे. आपल्याला बाबासाहेबांनी विभूतिपूजेपासून सावध केले आहे, म्हणून आपण ते गाळू नये.

त्या मुलाला उत्तर

तर बाळा, दि. बा. आपले कोण? १९३८ च्या मोर्चात जे तिघे एकत्र चालले, त्यांतल्या एकाच्या घरातून आलेला माणूस. ज्याच्या पहिल्या विजयात आपल्या पक्षाची साथ होती. ज्याने दाखवून दिले की लहान पक्षाचा आमदारही सरकारला वाकवू शकतो, पण एकट्याने नाही. आणि ज्याच्या लढ्याने मिळवलेल्या वाट्यात भूमिहीनाचा रकाना अपुरा राहिला, तो भरण्याचे काम आपल्यावर सोडून गेलेला माणूस.

विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केला. नाव लागायलाच हवे. पण नावाची पाटी लागली म्हणजे लढा संपला असे समजू नका. २००९ पासून उरण हा स्वतंत्र मतदारसंघ आहे. शेतकरी कामगार पक्ष, शिवसेना, अपक्ष, भाजप असे सगळे रंग त्याने पाहिले. पुढच्या वेळी उमेदवार वस्तीत येईल, हार घालून घेईल, जय भीम म्हणेल. तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा: सातबारा नसलेल्या प्रकल्पग्रस्तासाठी तू सभागृहात काय मांडणार?

त्याआधी आपला गृहपाठ करा. प्रत्येक वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वही करा: १९७० च्या आधी कोण कोणाच्या शेतात राबत होते, कोण मिठागरात होते, काम कधी गेले, बदल्यात काय मिळाले. ही माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. ती गेली की पुरावा जाईल. आम्ही द्रोणागिरीत ही वही सुरू केली आहे. पहिल्या पानाची जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलावरच टाकली आहे.

आणि १६ जानेवारीला जासईच्या हुतात्मा स्मारकावर या. निळा झेंडा घेऊनच या.

जय भीम!