केसरीचा मंगळवार आणि लिंक्डइनचा मंगळवार

नोकरीच्या शोधात असलेली आपल्या वटारची, नाळ्याची, निर्मळची मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. लिंक्डइनवर पोस्ट कधी टाकायची? इंटरनेटवर तक्त्यांचा नुसता सुकाळ आहे. बहुतेक तक्त्यांचा सूर एकच: मंगळवार ते गुरुवार, सकाळची वेळ. प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्रात तो जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, तेव्हा ते पाक्षिक होतं. काही महिन्यांतच ते साप्ताहिक झालं. पंधरा दिवसांनी कळलेली बातमी शिळी होते, हे तेव्हाही खरंच होतं. पुढे ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला, तो वार होता मंगळवार. आगरकर पहिले संपादक. नंतरची कित्येक वर्षं केसरी म्हटलं की मंगळवार, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक जण वाचायचा आणि भोवती बसलेले दहा जण ऐकायचे. आता लिंक्डइनवालेही मंगळवारच सांगतात, हा निव्वळ योगायोग. पण केसरीची ताकद मंगळवार या वारात नव्हती. ती ठरलेल्या दिवशी न चुकता येण्यात होती. वाचक वाट बघायला शिकला की अर्धं काम तिथंच होतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथं वेळ आधी कानानं कळायची. देवळाची घंटा, चर्चची घंटा, दवंडीवाल्याची हाळी. दवंडी लोक घरी असतील तेव्हा, नाहीतर बाजारात गर्दी असेल तेव्हा द्यायची. भर दुपारी सगळे वाडीत असताना पिटली तर ऐकणार कोण? चर्चमधल्या सूचना रविवारच्या मिस्सेला होतात, कारण सगळा गाव एका जागी असतो. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत खरेदीबरोबर सोयरिकी आणि निरोप यांचीही देवाणघेवाण चालायची. माणसं जिथं आधीच जमलेली असतात तिथं निरोप न्यायचा, इतकं साधं शास्त्र.

मग रेल्वेनं आपलं घड्याळच बदललं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. जाणारी एक, येणारी एक. सकाळी पावणेसातला विरार सोडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला परतीला निघायचं. १९३६ साली विजेची गाडी विरारला पोचली आणि वसई तालुका हळूहळू चाकरमान्यांचा झाला. तरी फुलं-भाजी घेऊन दादर गाठणारे आजही पहाटेच निघतात. म्हणजे एकाच गावात दोन घड्याळं. वाडीवाला दुपारी जेवून फोन उघडतो आणि ऑफिसवाला गाडीत. तुमची पोस्ट कोणासाठी आहे, हे ठरवल्याशिवाय वेळ ठरूच शकत नाही.

घड्याळ कोणाचं, यावरून तर मुंबईत भांडणं झाली आहेत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि शहरात पुढे अनेक वर्षं दोन वेळा चालत राहिल्या. ‘कामाचे तास दुसऱ्याच्या घड्याळानं का मोजायचे?’ हा त्यामागचा सवाल होता.

तोच सवाल मी आज त्या तक्त्यांना विचारतो. त्यातले बरेचसे अमेरिकन कंपन्यांचे आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा वटारला संध्याकाळचे साडेसहा, आणि थंडीच्या दिवसांत साडेसात वाजलेले असतात. आपली कितीतरी मुलं आखातात काम बघतात. कुवेत, कतारला शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवार कामाचा दिवस. आपण रविवारी सकाळी आरामात असतो, तेव्हा तिथला मॅनेजर ऑफिसात बसलेला असतो. त्याचे आठ म्हणजे आपले साडेदहा. दुबईनं मात्र २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. हे त्या तक्त्यात सापडत नाही, पण आपल्या गावातल्या आखातात राहून आलेल्या कुठल्याही काकांना तोंडपाठ असतं.

शिवाय लिंक्डइन पोस्टी वेळेच्या क्रमानं दाखवत नाही. आधी थोड्या लोकांपुढे ठेवतं आणि प्रतिसाद बघून पुढे सरकवतं. चांगली पोस्ट दोन-तीन दिवसांनीही वर येते. म्हणून ‘नऊ वाजून सात मिनिटं’ असला मुहूर्त काढत बसू नका. टाकल्यावर पहिला तासभर उत्तरं द्यायला तुम्ही स्वतः मोकळे आहात का, ते बघा. आणि केसरीसारखा एक वार धरून ठेवा.

पण माझी खरी काळजी नोकरीपुरती नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा ना व्हॉट्सअॅप होतं, ना फेसबुक. तरी माणसं रस्त्यावर आली, कारण निरोप वेळेत घरोघरी पोचला. आज विकास आराखडा असो, गावांचा महापालिकेत समावेश असो, हरकती नोंदवायला मोजकेच दिवस मिळतात. नोटीस कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानावर येते. आपण ती रात्री साडेअकराला ग्रुपवर ढकलतो आणि सकाळच्या गुड मॉर्निंगखाली ती गाडली जाते. हरकतीची मुदत संपल्यावर मिळालेल्या हजार लाइकचा जमिनीला काडीचा उपयोग नाही.

म्हणून एक सुचवतो. गावाच्या कामाची प्रत्येक सूचना तीनदा टाकू या: दुपारी वाडीवाल्यांसाठी, संध्याकाळी गाडीतल्यांसाठी आणि रविवारी सकाळी सगळ्यांसाठी. पहिल्या ओळीत शेवटची तारीख. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना शेजाऱ्यानं तोंडी सांगायचं, ती आपली दवंडी.

तुमच्या घरात फोन नेमका कधी उघडला जातो, ते खाली लिहा. आपल्या गावाचा तक्ता आपणच करू.