वनौषधी, संसर्गजन्य रोग आणि प्रतिजैविके : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

प्रतिजैविकांना, म्हणजेच अँटिबायोटिक्सना, दाद न देणारे जिवाणू ही आजच्या वैद्यकापुढील गंभीर समस्या आहे. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने प्रसिद्ध केला. साहजिकच वनौषधी हा प्रतिजैविकांना पर्याय ठरू शकेल काय, हा प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. त्याची चर्चा बहुधा रसायनशास्त्राच्या वा वनस्पतिशास्त्राच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तो नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. वनौषधींची संसर्गजन्य रोगांवर कसोटी यापूर्वीही लागली होती. तिचे निष्कर्ष समजून घेतल्याशिवाय नवे दावे करणे उचित नव्हे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

संस्थानकाळातील परंपरा

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भूभाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. किनवटचा वनप्रदेश १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. त्यामुळे येथे हकीम, आयुर्वेदाचे वैद्य आणि किनवट-माहूरच्या रानातील गोंड, कोलाम, आंध समाजांतील जाणकार अशा तीन परंपरा शेजारी-शेजारी नांदल्या. हगवण, ताप, जखमा व त्वचारोग यांवर कुडा, गुळवेल, कडुनिंब, हळद यांचा वापर सर्वपरिचित होता.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी वनौषधीला कोणी 'पर्याय' म्हणत नसे, कारण ज्याला पर्याय द्यावा असे दुसरे औषधच बहुतेक संसर्गांसाठी उपलब्ध नव्हते. जिवाणूजन्य रोगांवरील पहिले प्रभावी सल्फा औषध १९३५ मध्ये जगापुढे आले. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा असला, तरी ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० च्या दशकात.

तुवरक तेलाची कसोटी

वनौषधीची सर्वांत कठोर कसोटी कुष्ठरोगाने घेतली. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक सांगितले आहे. त्याच कुळातील कडूकवठ हा वृक्ष सह्याद्रीत आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी या बियांच्या तेलापासून टोचून देता येतील अशी औषधे तयार झाली आणि जगभर कुष्ठरोग्यांना दिली जाऊ लागली. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल केर यांनी १९१५ च्या सुमारास उभारलेले कुष्ठरुग्णालय हे या उपचाराचे संस्थानातील प्रमुख केंद्र होते. १९०० मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद-मनमाड लोहमार्गावर डिचपल्ली व नांदेड ही दोन्ही स्थानके येतात.

उपचार वेदनादायक होता आणि महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चाले. आरंभीच्या अवस्थेतील काही रुग्णांना त्याचा लाभ होई. पुष्कळांत रोग पुन्हा उलटे. १९४१ पासून अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटातील औषधांचे प्रयोग झाले आणि दशकाअखेर डॅप्सोनची गोळी आली. त्यानंतर तेलाचा वापर थांबला. तेल परकीय वा स्वकीय होते म्हणून ते मागे पडले नाही. त्याहून स्वस्त, सुसह्य व अधिक गुणकारी औषध सापडले, म्हणून ते मागे पडले.

तथापि कथा येथे संपत नाही. डॅप्सोन एकट्याने दिल्यास जंतू त्यालाही पुरून उरतात, हे १९६४ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धती सुचवली. ही शिकवण वनस्पतिजन्य औषधांनाही लागू पडते. चीनमधील एका वनस्पतीपासून १९७२ मध्ये वेगळे केलेले आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील श्रेष्ठ औषध ठरले व त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु त्यालाही दाद न देणारे परोपजीवी आग्नेय आशियात आढळले आहेत. औषध निसर्गातून आले म्हणून रोगजंतू त्याच्यापुढे हतबल होत नाहीत.

कुड्याचा धडा

हगवणीवरील कुड्याची साल चरकसंहितेपासून ज्ञात आहे. तिच्यातील कोनेसिन हे अल्कलॉइड हेन्स यांनी १८५८ मध्ये वेगळे केले. पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी कुड्यासह अनेक देशी औषधींची तपासणी केली. त्यांचा 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे एक व्यावहारिक अडचण होती व आजही आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते. दोन्ही झाडे दिसायला जवळची, परंतु गुणधर्मांनी भिन्न आहेत. औषध निष्फळ ठरले, तर दोष वनस्पतीचा की चुकीच्या ओळखीचा, हे ठरवणे अशा वेळी अशक्य होते. या दृष्टीने डॉ. व्ही. एन. नाईक यांचे 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' (१९७९) व 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) हे ग्रंथ केवळ वनस्पतींच्या याद्या नसून औषधसंशोधनाचा पाया आहेत.

प्रतिजैविकांचे आगमन व आजची स्थिती

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला व पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. पुढील काही दशकांत 'सुई' आणि 'कॅप्सूल' खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्यांनी असंख्य प्राण वाचवले. मात्र साध्या सर्दीलाही त्या घेण्याची सवय लागली. आजच्या संकटाचे एक मूळ या सवयीत आहे. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याची सूचना दिली होती.

दुसरीकडे वनौषधींवरील लोकश्रद्धा टिकून आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ येथील बेट दुर्मिळ वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून ठरावीक नक्षत्रात तेथे लोक औषधीसाठी जातात. या श्रद्धेची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु क्षयरोग, न्यूमोनिया वा रक्तातील संसर्ग यांसारख्या व्याधींत पाल्यावर विसंबून गमावलेले दिवस परत मिळत नाहीत. शिवाय एकाच टेकडीवर ओरबाडणी होत राहिली, तर अभ्यासासाठीही वनस्पती उरणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वनौषधी विरुद्ध प्रतिजैविके हे द्वंद्व इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तुवरक, कुडा व आर्टेमिसिनिन या तिन्हींच्या बाबतीत अचूक ओळख, निश्चित मात्रा आणि रुग्णांवरील प्रामाणिक निरीक्षण यांनीच निर्णय दिला. काचपात्रातील जिवाणूंची वाढ अर्काने रोखली, एवढ्यावरून रुग्ण बरा होईल असे म्हणता येत नाही. नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व परिसरातील महाविद्यालये यांनी वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आयुर्वेद व इतिहास या विभागांची सांगड घालून स्थानिक वनस्पतींचे ओळखपडताळलेले नमुने जतन करणे, जाणकारांच्या वापराची त्यांच्या संमतीने नोंद ठेवणे आणि फसलेल्या प्रयोगांचेही निष्कर्ष प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. तोवर रुग्णाच्या बाबतीत सिद्ध औषधालाच प्राधान्य द्यावे लागेल.