अचलपूरचा हौज कटोरा

अमरावती जिल्ह्यातले अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी. गावाबाहेरचा हौज कटोरा म्हणजे गोल तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी, कमानीदार महाल. त्याचे तीन मजले आज उभे दिसतात. वऱ्हाडी उन्हाळ्यात गरज गारव्याची: पाण्यावरून आलेला वारा कमानींतून आत शिरला, की झाले.

अशा वास्तूचे आभासी रूप उभारताना दगडाचे काम त्यामानाने सोपे. लेझर स्कॅन आणि छायाचित्रांवरून भिंतींचे त्रिमितीय प्रतिरूप तयार होते. पडलेला भाग मात्र उरलेल्या कमानींवरून ताडावा लागतो, म्हणून तो वेगळ्या रंगात दाखवलेला बरा. खरी अडचण पाण्याची. पातळी आणि प्रतिबिंब गणिताने बसवता येते. गारवा, ज्यासाठी पाण्यात महाल बांधण्याचा हा सगळा खटाटोप, आभासी रूप दाखवणाऱ्या चष्म्यातून दिसत नाही.