२१ ऑक्टोबर १९३१ : पुस्तकांची बैलगाडी

तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीजवळ या दिवशी फिरते वाचनालय सुरू झाले. पुस्तकांनी भरलेली गाडी बैलजोडी ओढत नेई आणि खेड्यातल्या माणसाला दारात पुस्तक मिळे. कल्पना कनगसभै पिळ्ळै यांची. पाठीशी होते १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाचे कार्यवाह शि. रा. रंगनाथन. त्यांची ग्रंथालयशास्त्राची प्रसिद्ध पंचसूत्रे याच संघाने १९३१ मध्येच छापली. संघाचा खरा आग्रह ग्रंथालय कायद्याचा होता. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला. मालमत्ता करावरील उपकरातून ग्रंथालयांना हक्काचा पैसा मिळाला, हे त्याचे मोठेपण. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर आला नाही, ही उणीव आजही बोचते.