बुद्धिबळातील पदवी आणि तिचा अधिकार

आमचा बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. पुढे राज्ये निराळी झाली, तरी नागपूरचे यश किरनापुरात अद्याप परके वाटत नाही. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा देवळाच्या ओसरीवर आनंद झाला. आणि त्याच ओसरीवर लवकरच शंकाही निघाली. ग्रँडमास्टर होण्यास तीन नॉर्म व २५०० मानांकन लागते. या मुलीजवळ एकही नॉर्म नव्हता, मानांकनही कमी होते. मग एका स्पर्धेच्या बळावर ही पदवी तिला कशी मिळाली? ही कृपा म्हणावी की अधिकार?

प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर भावनेत नसून नियमात आहे. ही स्पर्धा जिंकणारीस ग्रँडमास्टर पदवी थेट द्यावी, हा नियम स्पर्धेपूर्वीच लिहिलेला होता. निकाल पाहून तो कोणी केला नाही. येथे एक जुने उदाहरण आठवते. जॉर्जियाचीच नोना गाप्रिंदाश्विली १९७८ साली ग्रँडमास्टर झाली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या वेळी नॉर्मसाठी ठरलेली डावांची संख्या तिची पुरी भरली नव्हती. जागतिक संघटनेने तिचे कर्तृत्व पाहून ती उणीव सोडून दिली. तिला मिळाली ती सवलत होती. दिव्याने सवलत मागितली नाही, तिला तिची गरजही पडली नाही.

आता नियम पाळला गेला म्हणून योग्यता सिद्ध होते, असे मात्र मी म्हणणार नाही. पुराव्याकडे पाहू. मानांकनाने पंधरावी असलेल्या या मुलीने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला घरी पाठविले, मग द्रोणवल्ली हरिकाला, आणि उपान्त्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिला १०१ चालींचा डाव खेळून हरविले. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीशी दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर गेला. जलद डाव म्हणजे सोडतच, असे आक्षेपक म्हणतात. परंतु हम्पी ही त्या वेळी जलद बुद्धिबळाची जगज्जेती होती. डिसेंबर २०२४ मध्येच तिने तो मान न्यूयॉर्क येथे दुसऱ्यांदा मिळविला होता. तिच्याच हत्याराने, काळ्या मोहऱ्यांनी खेळून, एकोणीस वर्षांच्या मुलीने तिला नमविले. हिला नशीब म्हणावयाचे, तर कर्तृत्व कशाला म्हणावयाचे?

बायकांच्या पटावरील हक्काचा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ उठून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे तिचा हक्क टिकला; आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही दिला. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाची विजेती झाली. तमिळनाडूतील पूवनूरच्या देवळात महादेव चतुरंगवल्लभ या नावाने पुजला जातो. पटावर अजिंक्य असलेल्या राजकन्येला तो डावात जिंकून वरतो, अशी तेथील कथा आहे. ही राजकन्या म्हणजे साक्षात पार्वती! आपल्या पुराणपरंपरेला पटावरची स्त्री कधी अडली नाही. अडली ती समित्यांना.

पुढचे काय? दिव्याने त्याच सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत खुल्या गटात खेळणे पसंत केले. तेथे इजिप्तचा बासेम अमीन तिच्याकडून हरला, तेव्हाचा जगज्जेता गुकेश बरोबरीवर थांबला. मात्र अकरांपैकी पाचच गुण पदरी पडले. नोव्हेंबरात गोव्यात हडफडे येथे खुला विश्वचषक झाला. तिला विशेष प्रवेश मिळाला होता, पण पहिल्याच फेरीत ग्रीक ग्रँडमास्टरने दोन्ही डाव जिंकले. लगेच ओसरीवरची जुनी शंका पुन्हा डोके वर काढू लागली. ती मला मान्य नाही. बाटुमीचा निकाल गोव्यात फिरविता येत नाही. ते त्या पटाचे अपील नव्हे. गोव्यात दिसले ते एवढेच, की खुल्या गटाच्या बळाशी तिचे बळ अजून जुळलेले नाही. महिलांच्या गटात राहून सोपी पदके मिळविण्याचा मार्ग तिला मोकळा होता. तो सोडून ती हरण्याचा धोका असलेल्या ठिकाणी बसली, आणि तिच्या भवितव्याविषयी मला आशा वाटते ती याच एका गोष्टीमुळे.