रहस्यकादंबरीचे चित्रपट-रूपांतर : ‘पाठलाग’

रहस्यकादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाची पारख बहुधा एकाच मापाने होते : मुळाशी तो किती इमान राखतो. हे माप अपुरे आहे, कारण कादंबरीत गुपित जिथे दडते तिथे ते पडद्यावर लपवताच येत नाही. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पाहावा. पत्नीने नवऱ्यादेखत प्राण सोडला आहे. पुढे दरोडेखोरांची साथीदार म्हणून पकडलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी निघते आणि ‘मीच तुमची बायको’ म्हणते. छापील पानावर ‘हुबेहूब’ हा नुसता शब्द असतो, सांगणाऱ्यावर शंका घेता येते. पडद्यावर भावना यांचा एकच चेहरा दोन्ही भूमिकांत समोर येतो आणि साम्याबद्दल शंकाच उरत नाही. मग सगळा भार आठवणींवर पडतो : नवरा-बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसलेले हिला ठाऊक कसे? शीर्षकाचेही तेच. ‘आशा’ हे नाव धरले तर कादंबरी मुखपृष्ठावरच उत्तर सांगून टाकते. चित्रपटाने ते नाव सोडले.

गाण्यांनी रहस्याची लय मोडते, हा आक्षेप एरवी खरा आहे. पण कादंबरीचा वाचक भुसावळ जंक्शनवर पानात बोट ठेवून चहा घेतो, डब्यात परतल्यावर चार पाने मागे जाऊन दुवा ताडून पाहतो. जळगाव-धुळ्याच्या थिएटरात बसलेल्याला ती सोय कुठली? त्याला खूण पुन्हा ऐकवावी लागते. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर असलेले या चित्रपटातील गाजलेले गीत हेच काम करते. चित्रपटाचे नवे नावही त्याच्याच शब्दांत सापडते.

गुपित शेवटपर्यंत राखलेच पाहिजे, असेही नाही. बोआलो-नार्सझाक या फ्रेंच जोडीच्या १९५४ च्या कादंबरीत दोन बायकांच्या साम्याचे कोडे अखेरीस सुटते. हिचकॉकने ‘व्हर्टिगो’त (१९५८) ते बरेच आधी फोडले आणि पुढचा ताण नायकाच्या अज्ञानावर उभा केला. परांजपे यांनी तो धोका पत्करला नाही. त्यामुळे शेवटी जुळ्या बहिणीचा खुलासा करावा लागतो (कोशनोंदीवर रहस्य राखण्याचे बंधन नसते), आणि ही युक्ती जुनाट आहे, हा आक्षेप मान्यच करायला हवा. मात्र दिसलेल्या चेहऱ्याचा हिशेब पडद्यावर चुकता करावाच लागतो. ‘पाठलाग’वरून तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ (१९६५) आणि हिंदीत राज खोसला यांचा ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. हिंदीत साधना आली, मदनमोहन यांचे संगीत आले, उदयपूरचा राजवाडा आला. जुळी बहीण मात्र जागची हलली नाही.